दादाची दाढी

तात्यांचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि अखंड बडबड. गिऱ्हाईक गप्प बसलं तर तात्यांना करमायचं नाही. अशा माणसाला अख्खा दिवस विमानात डांबलं तर दुसरं काय होणार? जीव नुसता कासावीस.

जाण्याचं कारणही तसंच होतं. मोठा भाऊ, दादा, परदेशात मुलाकडे राहायला गेला आणि तिथंच अंथरुणाला खिळला. पुतण्या फोनवर म्हणाला, डॉक्टरांनी आशा सोडलीय, आणि दादा नर्सला दाढीला हात लावू देत नाही; माझा भाऊ येईल, तोच करेल, म्हणतो. तात्यांनी वस्तरा मोठ्या बॅगेत टाकला आणि निघाले.

विमान उडालं, फोन मुका झाला. समोरच्या पडद्यावर नकाशा आणि त्यात एवढंसं विमान. तात्या डोळे लावून बसले, पण मेलं हलेचना. शेजारचा कानात इयरफोन खुपसून झोपलेला. बोलायचं कुणाशी? शेवटी तात्यांनी पुढची डोकी न्याहाळायला घेतली. ह्याची मान कुणी साफ केली, हातात खुरपं होतं काय? त्या टकल्यानं बाजूचे केस उगाच वाढवलेत, बारीक केले तर माणसात येईल. मनातल्या मनात तात्यांनी रांगच्या रांग उरकली. मग दादाची दाढी केली, सावकाश, गल्लीतल्या बातम्या सांगत. खरं सांगायचं तर वेळ बरा गेला.

तेवढ्यात कधीतरी दादा गेला होता.

विमानतळावर पुतण्यानं मिठी मारली, तेव्हा कळलं. गाडीत तात्या एवढंच म्हणाले, "मी तिकडे लोकांची डोकी भादरत बसलो होतो रे."

दवाखान्याच्या गार खोलीत पुतण्यानं पाणी आणून दिलं. तात्यांनी फेस केला, एक बाजू उतरवली. दुसरीकडे गाल पार आत गेला होता, वस्तरा फिरेना. आजवर अशा वेळी नुसतं बोट टेकवलं की दादा आपणहून गाल फुगवायचा, वर डोळे वटारून तात्यांना हसवायचा. तात्यांनी सवयीनं बोट टेकवलं आणि उभे राहिले.

"काका," पुतण्या हळूच म्हणाला.

"थांब जरा," तात्या म्हणाले. "फुगवेल तो."