प्रॉम्प्टमधले अहो

नवऱ्याचं नाव असं उघड्यावर, तेही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, कुणी लिहितं का? मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पदरच टाकला.

कॉम्प्युटर त्यांचाच. धुळ्यातलं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायला आलो, तेव्हा हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी घेतलेला. ते गेले आणि तो चादरीखाली गेला. माझी नात धुळ्याला असते, घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. सुट्टीत आली, चादर काढली, आत लिनक्स घातलं आणि आठवण म्हणून यंत्राला आजोबांचंच नाव देऊन मोकळी झाली. आता त्या काळ्या खिडकीत मी एखादा हुकूम लिहायला बसले, की आधी यंत्रच ओळ सुरू करणार: अमुक बाई, अमुक यंत्रावर, अमुक फोल्डरमध्ये उभ्या आहेत, बोला. या ओळीला प्रॉम्प्ट म्हणतात.

"अगं, हे काय मांडलंस?"

"आबांचं नाव आहे, आजी."

"दिसतंय मला. पुस ते."

"का? किती छान वाटतंय."

"मी कधी तोंडानं घेतलं नाही ते. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही इतकं हळू की बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं."

"तू कुठे घेतेस? यंत्र घेतंय."

असली उत्तरं तिला आजोबांकडून आली आहेत.

तरुणपणीच्या मीनं मला या खुर्चीत बसलेलं पाहिलं असतं, तर ती किंचाळून पळाली असती. ती बाई मॅट्रिक झालेली, त्या एका गोष्टीवर नाक आकाशाला लागलेलं, आणि रेडिओचं बटण मात्र फडक्यात धरून फिरवायची. आतली वीज बोटातून अंगात शिरेल म्हणून. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची बायको! नवरा दुकानात उघड्या तारांत हात घालून बसलेला आणि ही घरात फडकं घेऊन.

नातीनं मला काळी खिडकी शिकवली ती आवाजांसाठी. दुकानातल्या आणि घरातल्या सगळ्या कॅसेटी तिनं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या होत्या. मूळ कॅसेटींना बुरशी धरलेली, त्या मी भंगारात दिल्या. 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये आता दोन पोटफोल्डर होते, 'दुकान' आणि 'घर'. दुकानात नुसती खरखर आणि चाचण्या असणार म्हणून ते कुणी ऐकलंच नव्हतं. घरमध्ये माझा जीव होता. एका कॅसेटवर रेडिओवरचं गाणं भरता भरता मागून त्यांचा आवाज आलाय: "अगं ए, चहा टाक." बस, एवढंच. त्यांचा आवाज म्हणून माझ्याकडे उरलेलं एवढंच.

ते ऐकायला लांबलचक हुकूम लिहावा लागे. नात म्हणाली, "आजी, याला टोपणनाव दे. एलियास म्हणतात. लांब हुकुमाला छोटं नाव." तिनं एक फाईल उघडून दाखवली. त्यात आपण जे लिहू ते ही खिडकी कायमचं ऐकते. मग काय, मी सुटलेच. लपवलेल्या फायलींसकट सगळं दाखवायला आमच्या अहिराणीतलं 'बठ्ठं'. खिडकी बंद करायला 'येते', कारण उंबऱ्यावरून 'जाते' असं म्हणायचं नसतं, मग तो उंबरा कुठलाही असो. 'धुळं' लिहिलं की एसटीत न बसता, पारोळ्याला न थांबता, इथल्याच खिडकीतून मी नातीच्या घरच्या यंत्रात उभी. तिथून 'येते' म्हटलं की परत जळगाव. पुसून टाकायला 'झाड'. त्यात नातीनं खोडी करून ठेवली होती. झाड म्हटलं की खिडकी विचारायची, "आजी, खरंच?" आणि 'हो गं बाई' लिहिल्याशिवाय पुढे सरकायची नाही.

आणि 'चहा'. चहा लिहिलं की ते चहा मागायचे. मी रोज दुपारी लिहायची आणि मगच गॅस पेटवायची.

तरी ते नाव काही पचेना. पोथी वाचावी तसं रोज डोळ्यांसमोर. शेजारीण हळद मागायला आली तर मी पडद्यापुढे उभी राहायची. मग एका दुपारी मी ती फाईल उघडली, यंत्राचं नाव छापणारी एवढीशी खूण खोडली आणि तिथे लिहिलं: अहो. खिडकी नव्यानं उघडली. ओळीच्या सुरुवातीला 'अहो'. इतकं बरं वाटलं! जन्मभर ज्या नावानं हाक मारली ते नाव, ओळीला एकदा. नातीला सांगितलंसुद्धा नाही. तीच फाईल धुळ्याच्या यंत्रालाही जायची, माझी टोपणनावं दोन्हीकडे चालावीत म्हणून तिनंच तशी सोय केलेली. म्हणजे धुळ्यालाही आता अहोच. त्यात वावगं ते काय, असं मला वाटलं.

थोड्या दिवसांनी यंत्र कण्हायला लागलं. आतून टकटक. नातीनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "डिस्क जातेय, आजी. सगळे आवाज माझ्याकडे कॉपी करून घेऊ." कॉपी सुरू केली, आणि आमच्याकडची वीज गेली. वीज आल्यावर ती म्हणाली, "माझ्याकडे अर्धवटच आलंय. ते पुसून पहिल्यापासून करू. माझी मीटिंग आहे, संध्याकाळी बघते. तू हात लावू नकोस."

हात लावू नकोस हे मला कुणी सांगू नये.

मी 'धुळं' लिहिलं, धुळ्याला पोचले, तिच्याकडचा अर्धवट 'आवाज' पाहिला. तेवढ्यात दूधवाल्यानं बेल वाजवली. उठताना बोटांनी सवयीनं 'येते' लिहिलं. परक्या घरातून न सांगता उठायचं नाही, हे हाडात मुरलेलं. दूध घेतलं, दोन शब्द बोलले, येऊन बसले. समोर अहो. मला वाटलं, मी धुळ्यातच आहे.

"झाड आवाज."

"आजी, खरंच?"

"हो गं बाई."

क्षणात साफ. काम फत्ते केल्याच्या तोऱ्यात मी हात झटकले, घड्याळाकडे पाहिलं, 'येते' म्हणून निघाले तर खिडकीच मिटली, ती नव्यानं उघडली आणि लिहिलं 'चहा'.

अशी फाईल किंवा फोल्डर नाही.

मी पुन्हा लिहिलं. तेच. 'बठ्ठं' लिहिलं. आवाज नव्हता.   सवयीनं उठून गॅसवर भांडं ठेवलं, त्यात पाणी, पाणी उकळतंय, आणि मी त्याच्याकडे बघतेय की हे कुणासाठी ठेवलंय.

नातीनं मीटिंगमधून उठून फोन घेतला.

"तू कुठे होतीस, आजी?"

"घरातच."

"तसं नाही गं. कोणत्या यंत्रावर?"

"धुळ्याच्या. समोर अहो होतं ना."

"कुठलं अहो?"

मी सांगितलं.  मग ती हळूच म्हणाली, "आजी, प्रॉम्प्टमधलं नाव शोभेसाठी नसतं. आपण कुणाच्या घरात उभे आहोत ते त्यावरून कळतं. तू दोन्ही दारांवर एकच पाटी लावलीस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. सकाळच्या एसटीनं आली, डिस्क काढली, काय काय जोडलं, काय काय चालवलं. डिस्कनं टकटक केली आणि तीही बंद झाली.

"काही नाही मिळत, आजी."

"तुझ्याकडे अर्धं आहे म्हणालीस ना?"

"आहे. पण फोल्डरची नावं मी इंग्रजी अक्षरांत दिलेली, आणि कॉपी त्याच क्रमानं होते. डी आधी, जी नंतर. दुकान आलं पूर्ण. घर आलंच नाही."

म्हणजे मला हवं ते गेलं आणि खरखर राहिली. दोन दिवस मी चहा केला नाही. नात कॉफी पीत बसली आणि मला बोलतं करत राहिली. शेवटी म्हणाली, "चल, खरखर तरी ऐकू. आबांच्या दुकानाचीच आहे ना?" तिचा लॅपटॉप मांडीवर घेऊन आम्ही दोघी बसलो.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा रीतीप्रमाणे माझं नाव बदललेलं. माहेरचं नाव त्या गावात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. एकदा मी दुकानात डबा घेऊन गेले. कळण्याची भाकरी, ठेचा. बाकावर एका मारवाडी कापडवाल्याची बायको टेपरेकॉर्डर न्यायला येऊन बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, गालात हसली आणि चक्क माझं माहेरचं नाव घेऊन म्हणाली, "तूच ना ती?"

त्या मॅट्रिक झालेल्या शहाणीनं काय अर्थ काढावा? की हा माणूस परक्या बायकांजवळ आपल्या गोष्टी करत बसतो! घरी एकट्यात 'अगं ए' आणि बाजारात नावगाव! तिनं त्यांना विचारलंदेखील नाही. अबोला धरला, ठेच्यात मूठभर मिरच्या जास्त घातल्या, आणि पुढे कधी डबा घेऊन गेली नाही. पोरं पाठवली. ते बिचारे डोळ्यांतून पाणी काढत ठेचा खात राहिले आणि काय बिघडलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तर नातीनं पहिली फाईल लावली. खरखर. खट्. मग त्यांचा आवाज, तरुण, अगदी माईकला तोंड लावून. त्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं. आणि म्हणाले, "ऐकस का? बठ्ठं ऐकू येस ना?"

खट्.

"आजी, हे कुणाचं नाव?"

 तिनं दुसरी लावली. तेच नाव, तोच प्रश्न. तिसरी, चौथी. मागे कधी रिक्षा, कधी पाऊस, कधी कुणा गिऱ्हाईकाचं खोकणं. लोक हॅलो हॅलो, एक दोन तीन म्हणतात ना? हा माणूस प्रत्येक टेप तपासताना माझं नाव घ्यायचा! गिऱ्हाईकासमोर भरायचा आणि गिऱ्हाईकासमोर वाजवायचा. अर्ध्या धुळ्यानं माझं नाव ऐकलेलं. कापडवाल्याची बायको त्यातलीच एक. आणि जिच्यासाठी ते घेतलं जायचं ती घरात फडक्यानं बटण फिरवत, मिरच्या कुटत बसलेली.

"माझं," मी म्हणाले. "माहेरचं."

नातीनं फाईल थांबवली. "आणि तू त्यांचं खोडलंस?"

"खोडलं."

नवी डिस्क आली, धुळ्याकडून टोपणनावांची फाईल तीत परत आणली, तेव्हा मी स्वतः ती उघडली आणि अहो पुसून त्यांचं पूर्ण नाव टाईप करायला लागले. एकेक अक्षर, कान तापलेले. नात ओरडली, "आजी, थांब! असं लिहिलंस तर धुळ्यालाही आबाच दिसतील! पुन्हा तेच!" तिनं माझे हात धरले आणि जुनी खूण परत घातली. यंत्र आपापलं नाव आपणच सांगेल म्हणाली. मग जाताना विचारलं, "माझ्या यंत्राचं नाव बदललं तर चालेल? नुसतं धुळे काय ठेवायचं?"

"काय ठेवतेस?"

तिनं सांगितलं नाही. घरी पोचल्यावर फोन केला, "आता ये."

मी 'धुळं' लिहिलं. ओळीवरून त्यांचं नाव गेलं आणि तिथे माझं आलं, माहेरचं. चहा या टोपणनावात आता दुकानातली पहिली फाईल आहे, आणि धुळ्यात लावली तरी ती इथे ऐकू येईल अशी सोय नातीनं केलीय. तिथेच ती लावली, खरखरीसकट पूर्ण ऐकली आणि गॅसकडे जायला उठताना 'येते' लिहिलं.

पुढच्या ओळीवर ते उभे होते.