मामांची सायकल टेम्पोत

बाळांनो, तुमच्याकडे सायकल चालवणाऱ्याला हौशी म्हणतात. आमच्या बीडमध्ये त्याची कीव करतात. तरी इथेही आता सायकल क्लब निघाला आहे. त्याने बीड ते चौसाळा आणि परत अशी स्पर्धा ठेवली. ती स्वतः पायडल मारून पुरी करायचीच, असे तुमच्या आजोबांनी ठरवले.

परतताना वाटेत त्यांना चौसाळ्याचा भाचा दिसला. मामा घामाघूम होऊन सायकल हाणताना पाहून त्याने टेम्पो आडवा घातला.

“मामा, आमी काय मेलो काय? बसा!”

“अरे, स्पर्धा आहे ही!”

“ती पोरांना करू द्या. लोक काय म्हनतील मला?”

भाच्याचे मन कसे मोडायचे? सायकल मेथीच्या जुड्यांवर आडवी झाली आणि आजोबा हेल्मेटसकट पुढे बसले. खिशातल्या मोबाइलवर क्लबचे ॲप मात्र वेग मोजत राहिले. त्यावरून क्लबने आजोबांना ज्येष्ठांत पहिले ठरवले. मोटारीतून आलेल्या पुढाऱ्याने पदक घातले. आजोबा खरे सांगू लागले, तर तो म्हणाला, “काका, नम्रपना लई हाय तुमच्यात!” टाळ्या पडल्या.

त्या दिवशी आजोबा नीट जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते एकटेच पुन्हा निघाले. मी भाच्याला फोन केला, “मामा दिसले तर नमस्कार कर, उचलू नकोस.”

“बरं मामी. पन पानी घेऊन मागंमागं येतो.”

दुपारी आजोबा पायडल मारत दारात आले. पाठोपाठ हॉर्न वाजवत टेम्पो आला. आजोबा दोनदा जेवले.