एका खोलीचं बाहुलीघर

नऊ वर्षांच्या संसारात विभानं पाच घरं लावली आणि चार मोडली. लखनौ छावणीतलं हे पाचवं. नवरा विश्वजित फौजेत नायब सुभेदार, त्यामुळे दर दोन-अडीच वर्षांनी बदलीचा कागद यायचाच. घरात काही नवं घ्यायचं झालं, की ते काळ्या ट्रंकेत मावेल का, एवढंच विभा आधी बघायची. न मावणारं ती घेतच नसे. कुणी भेट म्हणून दिलंच, तर निघताना ते कुणाला देऊन टाकायचं हेही तेव्हाच मनाशी ठरवून ठेवी.

फलटणजवळच्या एका खेड्यातली ती मुलगी, डी.एड. झालेली. जाईल त्या गावात कुठल्या तरी शाळेत नोकरी धरायची आणि वर्गातल्या मुलांची नावं पाठ होतात न होतात तोच सोडायची. त्याचं कुणी वाईट वाटून घेतलं तर म्हणायची, "सवय होते." लखनौतही घराजवळच्या एका बालवर्गावर ती जात होती.

एका रविवारी सदर बाजारातल्या खेळण्यांच्या दुकानापुढे तिची साडेचार वर्षांची देविका काचेला नाक लावून उभी राहिली. आत लाकडी बाहुलीघर होतं, दोन मजली. पुढची भिंत दारासारखी उघडायची. आत इवलासा जिना, पलंग, खुर्च्या, बोटभर उंचीचं कपाटसुद्धा. देविका "चाहिए" म्हणाली नाही. नुसती बघत राहिली, आणि आईनं हात ओढल्यावर मुकाट्यानं चालू लागली. तिनं हट्ट केला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर विभानं स्वतःचीच समजूत घातली. एक तर ते एवढं मोठं धूड. शिवाय मुलीच्या जातीला पुन्हा घर, पलंग, स्वयंपाकघर कशाला? तिला ठोकळे द्यावेत, रंग द्यावेत. आणि चार दिवसांत कंटाळली म्हणजे? विश्वजितला विचारलं तर बूट काढता काढता तो म्हणाला, "मावत असेल तर घे." त्याच्यापुरता विषय तिथंच संपला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये हिमानी राहत असे, पिथौरागढची. तिची मुलगी आता नववीत होती आणि तिचं जुनं बाहुलीघर पलंगाखाली धूळ खात पडलं होतं. विभाची घालमेल ऐकून ती म्हणाली, "अरे यार, इतना क्या सोचना. हफ्ताभर रखकर देख लो. खेलेगी तो ठीक, नहीं तो वापस." संध्याकाळी ती ते स्वतः उचलून घेऊन आली. छपराचा एक कोपरा तुटला होता, बाहुल्या तीनच उरल्या होत्या.

पहिले दोन दिवस देविकानं बाहुल्यांना हातच लावला नाही. पलंग इकडून तिकडे, कपाट वरून खाली, एवढंच चाललं होतं. विभाला वाटलं, झालं, आपलंच खरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विभा मटार सोलत बसली होती. आतल्या खोलीतून देविकाचा आवाज आला. मुलगी मराठी सगळं समजायची, पण बोलायची हिंदीतच. विभा सहज उठून दाराशी गेली. देविकानं बाहुलीघर सगळं रिकामं केलं होतं. पलंग, खुर्च्या, भांडी एका बुटाच्या खोक्यात नीट रचून ती त्याला दोरी बांधत होती. सगळ्यात लहान बाहुली बाहेर जमिनीवर बसवली होती.

"साइकिल नहीं जाएगी," देविका तिला सांगत होती. "जगह नहीं है। रोना नहीं। वहाँ नई ले देंगे।"

विभाच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. शब्द तिचेच होते, फक्त हिंदीत; आवाजाची चालसुद्धा तिचीच. मागच्या बदलीला भटिंड्याहून निघताना देविकाची लाल तिचाकी सायकल तिथल्या माळीणबाईच्या नातवाला दिली, तेव्हा विभा अगदी असंच बोलली होती. नवी तिचाकी घ्यायची राहूनच गेली. देविकानं पुन्हा कधी तिचं नाव काढलं नाही. उलट, फोनवर आईला आणि सासूला विभाच कौतुकानं सांगत आली होती, "आमची देवी फार समजूतदार. कशाला म्हणून रडत नाही."

ती आत जाऊन मुलीशेजारी बसली. "हिला विचारलंस का, तिला काय न्यायचंय ते?"

देविकानं दोरीवरून नजर काढली नाही. "पूछते नहीं हैं, मम्मा। बताते हैं।"

विभानं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. ती म्हणाली, "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं." देविकानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं, गाठ मारायला.

संध्याकाळी विश्वजित आला तेव्हा विभानं त्याला सगळं सांगितलं. तो अंगणात जाऊन उभा राहिला, परत आला आणि म्हणाला, "सायकलचं माझ्या ध्यानातच नव्हतं गं." मग म्हणाला, "घेऊ या ते घर. मावायचं बघू मग."

पण तिघंही सदर बाजारात गेली आणि दुकानातलं घर त्यानं वितीनं मोजलं तेव्हा ते कुठल्याच ट्रंकेत बसण्यासारखं नव्हतं, आणि सगळे सांधे डिंकानं चिकटवलेले. तिथून चार दुकानं पुढे राजेश मिस्त्री बसायचा. बदली झालेल्या घरांची सामानाची खोकी तोच ठोकून द्यायचा. विश्वजितनं त्याला बिजागऱ्यांवर मिटणारं घर करता येईल का विचारलं. मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली आणि सरळ देविकाकडे वळला. "कितने कमरे चाहिए, बिटिया?"

देविकानं आईकडे पाहिलं. विभानं मानेनंच मिस्त्रीकडे खूण केली.

"एक," बऱ्याच विचारानं देविका म्हणाली. "बड़ा वाला। सब उसी में सोएँगे।"

आठवड्याभरात घर आलं. खोक्याच्याच फळ्यांचं, रंग न दिलेलं, एकाच खोलीचं, घडी घातली की चपटं होणारं. हिमानीचं तिला परत गेलं. देविका कंटाळली का? मधूनमधून कंटाळलीही. महिना महिना ते भिंतीला टेकून असायचं. मग एखाद्या दिवशी पुन्हा उघडलं जायचं, आणि त्यात कुणी आजारी पडायचं, कुणाचं भांडण व्हायचं, कुणी शाळेला जायला नकार द्यायचं. विभा जवळ काहीतरी निवडत बसून कान देई. बालवर्गातल्या मुलांशी बोलतानाही ती आता सांगायच्या आधी विचारू लागली होती.

दीड वर्षानं सिकंदराबादची बदली आली. काय काय न्यायचं ते विभानं देविकाला विचारलं, आणि लांबलचक यादी ऐकून घेतली. त्यातलं निम्मं नेता येण्यासारखं नव्हतं. मागच्या अंगणातलं पेरूचं झाड तर नाहीच. देविका दोन दिवस भोकाड पसरून रडली, तिसऱ्या दिवशी बापाशी बोलेना.

विभाच्या आईचा फोन आला तेव्हा मागून रडणं ऐकू जातच होतं. "काय गं हे?" आई म्हणाली. "आधी किती शहाणी होती पोर."

"हो ना," विभा म्हणाली. "आता मनातलं सांगते तरी ती." आणि फोन ठेवून ती मुलीबरोबर पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली.