दुसरा सिलिंडर कुठे आहे?

आई नागपूरहून आयर्लंडमधल्या मेनूथला आली, तेव्हा तिने आधी माझ्या ओट्याखालचा प्रेस उघडून पाहिला. प्रेस म्हणजे कपाट. इथे राहून मलाही आता कपाट हा शब्द आठवावा लागतो. आत भांडी घासायची पावडर होती आणि तीन वर्षांपूर्वी फुटलेली कुंडी.

"दुसरा सिलिंडर कुठे आहे?" आईने विचारलं.

"पहिलाच नाही, आई. गॅस पाइपातून येतो."

"कुठून येतो?"

मी सॉफ्टवेअरवाली. चौकोन आणि बाण काढल्याशिवाय मला बोलता येत नाही. वीजबिलाच्या पाकिटावर नकाशा काढून सांगितलं, की थोडा गॅस इथल्याच पश्चिमेच्या समुद्रातून येतो आणि बाकीचा स्कॉटलंडहून, समुद्राखालून.

"आणि त्यांच्याशी भांडण झालं तर?"

"ते कशाला भांडतील?"

"भांडण काय विचारून होते?"

आयर्लंडला ब्रिटन या शेजाऱ्याचा आठशे वर्षांचा अनुभव आहे. पण हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी विचारायला नागपूरची बाई यावी लागली.

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. आई त्या घरात एकटी आणि मी इथे रोज फोनवर तिच्या आवाजाचा पोत तपासत बसलेली. व्हिसा तीन महिन्यांचा होता. तेवढ्यात तिला कायमचं इथे आणण्याचे कागद तयार करायचे, असा माझा बेत होता. कागद जमले होते, फक्त तिची सही हवी होती. तिला विचारलं का? विचारलं नव्हतं. मुलीला कळतं, असं मी गृहीत धरलं होतं.

नव्या वर्षात बातमी आली. रशियाचा गॅस युक्रेनमधून पुढे युरोपात नेणारी पाइपलाइन बंद झाली. इतकी वर्षं युद्ध चालू होतं, आणि त्याच काळात एकाचा गॅस दुसऱ्याच्या जमिनीखालून बिनबोभाट जात होता. करार संपला, मग युक्रेनने नळ बंद केला.

"म्हणजे आतापर्यंत चालूच होता?" आईने तोंडावर हात ठेवला. मग तिला पटलं. बोलणं बंद असलेल्या जावा एकाच नळावर पाणी भरतात, तसंच हे, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरात युद्धकाळ लागू झाला. सकाळीच दोन थर्मास भरले जायचे, एकात चहा आणि एकात नुसतं गरम पाणी. पोळ्या एकदम दोन दिवसांच्या. मी रोज समजावत होते, की त्या पाइपाचा आणि आपल्या पाइपाचा संबंध नाही. नवे चौकोन, नवे बाण. आई ऐकून घ्यायची आणि थर्मासचं झाकण घट्ट करायची. माझ्या ऑफिसातही माझं असंच ऐकून घेतात.

अशात एका संध्याकाळी मी कागद तिच्यापुढे ठेवले. सही कुठे करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. आईने चष्मा लावला, सगळी पानं उलटली, आणि "उद्या करते" म्हणून वर झोपायला गेली.

सकाळी उठले तर घर गारठलेलं. रेडिएटर थंड, नळाला थंड पाणी. खाली जाऊन शेगडीची बटणं फिरवली. चारही बर्नर मुके.

महिनाभर आईला व्याख्यानं देणाऱ्या मी काय केलं असेल? मोबाइल काढला आणि युद्धाच्या बातम्या उघडल्या. स्कॉटलंडच्या बातम्यासुद्धा. मग गॅसच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला आणि, सांगायला लाज वाटते, पण विचारलं: "पाइपलाइनचं काही झालंय का?"

तासाभरात गॅसवाला आला. बाहेरच्या भिंतीवरची मीटरची पेटी उघडली, आत वाकून पाहिलं, आणि शांतपणे मला विचारलं, "हा कॉक कुणी बंद केला?"

"युद्धाचा काही संबंध नाही ना?" मी खुंटा हलवून पाहिला.

"युद्धाचं मला माहीत नाही, पण हा हातानेच फिरवलाय. बाकी सगळं ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे इथे नुसतं ठीकठाक.

तेवढ्यात आई शाल ओढत दारात आली. माणूस पाहिला, पेटी पाहिली. "अगं बाई! उघडायचाच राहिला ना आज!"

झालं होतं असं: आली त्याच आठवड्यात तिने पेटीची चावी शोधून काढली होती. रोज झोपण्याआधी बाहेर जाऊन गॅस बंद, आणि पहाटे मी उठायच्या आत चालू. नागपूरला रोज रेग्युलेटर बंद करून झोपायचं, तसंच. गॅसवाल्याने यापुढे त्याला हात लावू नका म्हणून हसत बजावलं, बॉयलर सुरू करून दिला आणि थर्मासमधला कालचा चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर माझा पारा चढला. "काय करून ठेवलंस हे! इथे रेग्युलेटर नसतो, आई. कितीदा सांगू?"

"ओरडून काहून राहिली? झोपच नाही लागली गं. पहाटे डोळा लागला, तर जाग उशिरा आली."

"का नाही लागली?"

तिने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. पिवळ्या चिठ्ठ्या तशाच होत्या.

"आपलं नागपूरचं गॅसचं कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे," ती म्हणाली. "एजन्सीवाला मागे लागलाय, नाव बदला म्हणून. मी टाळून राहिली. इथे आली तर ते बंदच करावं लागेल."

"मग करू ना बंद. एवढं काय त्यात?"

"सिलिंडर घेऊन पोरगा येतो, तो पावतीवरचं नाव वाचून फाटकातून हाक मारतो. तुझ्या बाबांच्या नावाने. महिन्यातून एकदा." तिने शाल सारखी केली. "दुसरं कोणी मारत नाही आता."

माझ्याकडे एकही चौकोन नव्हता. मी रडले, आणि आईने मला थर्मासमधला चहा दिला. तो बेचव झाला होता. कागद मी ओट्याखालच्या प्रेसमध्ये, फुटक्या कुंडीपाशी ठेवून दिले.

ती परत गेली त्याला महिना झाला असेल. तिचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, स्कॉटलंडवाले अजून नीट आहेत का तेही विचारून झालं.

"आज सिलिंडर आला," ती म्हणाली.

"हाक मारली त्याने?"

"मारली. दोनदा मारली. पहिल्या वेळी मी ओ दिलीच नाही."