दोन आण्यांचा हंडा

त्या उन्हाळ्याची आठवण झाली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लग्न होऊन मला चौथं वर्ष लागलं होतं. पिंपरीजवळ आमच्या शेताला लागून एका नव्या कंपनीचं बांधकाम चाललं होतं. मराठवाड्याकडून आलेले मजूर बायकापोरांसह तिथंच पालं ठोकून राहिले होते. ठेकेदाराचा हौद चैत्रातच आटला आणि त्या बायका हंडे घेऊन आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. परक्यांनी विहिरीला हात लावायचा नाही, असा घरचा नियम. म्हणून मी आणि थोरली जाऊ पाणी शेंदायचो आणि त्यांच्या हंड्यांत वरून ओतायचो. तो नियम मी मुकाट पाळला, याचा राग मात्र माझा माझ्यावरच आहे.

रांग वाढली तसा सासऱ्यांनी हंड्याला एक आणा लावला. मग पालांवर पाणी आणणारी ठेकेदाराची बैलगाडीही बंद पडली. त्याच सकाळी सासरे बाजेवर बसून म्हणाले, "आजपासनं दोन आणे."

"मामंजी, विहिरीत पाणी तर कालच्याएवढंच आहे," मी म्हटलं.

"पाणी तेवढंच, पर माणसं वाढली की न्हाई? मी कुनाला बोलावणं धाडलं न्हाई. ज्याला गरज, त्यो दील."

दुपारी एक बाई आली. काखेत तापानं फणफणलेलं पोर. "माय, एकच आणा हाय. लेकरू सकाळपासून पाणी मागतंय." मी तिचा हंडा भरला. तिनं तो उचलायच्या आत सासरे उठून आले आणि हंडा लाथेनं आडवा केला. पाणी धुळीत गेलं. बाई काखेतलं पोर सावरत रिकामा हंडा उचलून चालू लागली.

पाणी कमी म्हणून भाव चढवणारा माणूस भरलेला हंडा मातीत ओततो! मी पोहरा दोरासकट त्यांच्या पायाशी टाकला.

"पाणी तुमचं, शेंदणं आमचं. आता तुमचं तुम्ही शेंदा."

थोरली जाऊ एरवी सासऱ्यांसमोर मान वर करत नसे. तिनंही डोक्यावरची चुंबळ काढून ठेवली.

पाण्यावाचून दोन दिवस घरात चूल पेटली नाही. नवरा माझ्यावर डाफरला, पण पोहऱ्याला हात त्यानंही लावला नाही. बैल तहानेनं हंबरायला लागले तेव्हा सासऱ्यांनी स्वतः चार पोहरे ओढले आणि कंबर धरून खाली बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एक आणा घ्या." फुकट द्या, असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आम्ही दोघी पुन्हा शेंदू लागलो. पैसे घ्यायला मात्र हात पुढं केला नाही. ते त्यांचे त्यांनी घेतले.

वैशाखात ठेकेदारानं नदीवर इंजिन बसवून पालांपर्यंत नळ आणला. रांग एका दिवसात संपली. सासऱ्यांनी भाव अर्ध्या आण्यावर आणला, मग वाटेनं जाणाऱ्या बायकांना "न्या, तसंच न्या" म्हणू लागले. एकही थांबली नाही.

ती बाई मला एकदा बांधावर दिसली. पोर तिच्या मागे चालत होतं, बरं झालं होतं. मी हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवून पुढं गेली. बरोबरच होतं तिचं.