दादाच्या हातचं पाणी

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. नमाजाला जानमाजवर बसून कितीदा ओठांपर्यंत आणली—आणि दर वेळी मधेच वळून दुसरंच काही मागितलं. आताही लिहायला बसले तर हात आडवाटेला जातोय. आधी शाळेचं सांगू, आधी तिच्या हसण्याचं सांगू, असं होतंय. होऊ दे. तुम्ही माझ्याजवळ बसला आहात असं समजते, आणि जमेल तसं सांगते.

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा शिरूरला झाला. स्टेजच्या कोपऱ्यात वैजूचा फोटो, त्याला हार. तिला जाऊन तीन वर्षं झाली. एकेक जण माइकवर येऊन तिच्याबद्दल बोलत होतं. सुरेखा बोलायला उठली—शाळेतही तीच सगळ्यात आधी उठायची. म्हणाली, "आपली वैजू म्हणजे मानी बाई! सख्खा भाऊ लेकीच्या अक्षतांना थांबला नाही, तर मेल्यावरसुद्धा तिनं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. साऱ्या घाटानं बघितलंय. विचारा नसीमला, ती होती तिथं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. टाळ्या पडल्या.

मानी—वैजू? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून सांगते. शाळेच्या गॅदरिंगला पाहुण्यांना हार घालायचं काम तिच्याकडे होतं. पाहुणे काही येईनात. तिनं तो हार उचलला आणि घंटा देणाऱ्या शिपाईमामांच्या गळ्यात घातला. बाईंनी सगळ्यांसमोर झापलं, तर म्हणते कशी, "फुलं सुकाय लागली व्हती बाई. आन् मामांना काय वाईट दिसतंय?" आमचं पानाचं दुकान होतं. माझ्या दप्तराला कात-चुन्याचा वास यायचा, बाकीच्या पोरी नाकं मुरडून लांब सरकायच्या. वैजू मुद्दाम दप्तर नाकाशी धरायची आणि म्हणायची, "पोटभर जेवल्यासारखं वाटतंय गं." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं तिच्या शेजारी बसले. मान-अपमान असलं काही तिला कळतच नव्हतं. "मान म्हंजी काय, भाकरीसंग खायचा असतो का?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

आता दादा. वैजूचा थोरला भाऊ. त्याला राक्षस करून दाखवला तर माझं काम सोपं होईल, म्हणून आधी चांगलंच सांगते. गावापासून शिरूरच्या शाळेपर्यंत तो आम्हा दोघींना एका सायकलवर आणायचा, ती पुढच्या दांडीवर, मी कॅरिअरवर. राखीला वैजूचं झालं की हात माझ्यापुढे करायचा. "बांध गं नसीम, हिच्या एकटीच्या राखीनं हात मोकळा मोकळा दिसतो." पुढे सणसवाडीत खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या, पैसा आला, गावात वजन आलं. तरी उन्हाळ्यात हायवेला रांजण मांडून पाणपोई घालायचा, आणि ट्रकवाल्यांना, पायी जाणाऱ्यांना स्वतःच्या हातानं पाणी द्यायचा. हाताशी गडीमाणसं असून. त्याला ते आवडायचं.

मग वैजूच्या लेकीचं लग्न आलं, दौंडला. वैजूचे मालक सुभाषराव कुरकुंभला केमिकल कंपनीत होते—पाळीची नोकरी, साधा, गडबडून जाणारा माणूस. ऐन वेळी कंपनीचे साहेब आले. फेटे संपलेले. सुभाषरावांनी मामासाठी राखून ठेवलेला फेटा साहेबांच्या डोक्यावर बांधला. बस, एवढंच. दादा उठला. "सायबालाच हुबा करा की मग नवरीच्या मागं!" आणि अक्षता पडायच्या आत गाडीत बसून निघून गेला. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिथं कुणा लांबच्या चुलतभावाला उभं केलं. त्यानंतर तो बहिणीच्या उंबऱ्यावर आला नाही. तिचा नंबर ब्लॉक करून टाकला.

एका भाऊबिजेला मी दौंडला तिच्याकडे होते. तिनं पाट मांडला, ताट केलं, सारखी फाटकाकडे बघत राहिली. संध्याकाळी ताट घेऊन अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेली बाई ओवाळते, तसं. माझ्याकडे वळून हसली. "बरा हाय ह्यो भाऊ. फेटा मागत न्हाई."

मी हसले नाही. त्या अंगणात मी ठरवलं, की या माणसाला हे फेडायला लावायचं. पुस्तकं वाचणारी, आवाज न चढवणारी मी! माझ्यात एवढं विष आहे हे मलाही तोवर माहीत नव्हतं. की होतं?

वैजू मे महिन्यात गेली. पोटाचा आजार, फार उशिरा कळलेला. बातमी कळल्यावर दादा माहेरची हिरवी साडी घेऊन आला आणि तिच्या पायांवर पडून ओरडून रडला. "मला आधी का न्हाई कळवलं? नसीम, तू तर व्हतीस!" मी शांतपणे सांगितलं, "तिनंच नको म्हटलं होतं."

दहाव्याला भीमेच्या काठी मोठी गर्दी होती. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. बाभळीवर चार-सहा कावळे होते, पण एकही खाली येईना. सुभाषरावांनी हात जोडून शब्द दिला, लेकीनं दिला. ऊन चढलं. दादा हातात पाण्याचा तांब्या घेऊन पिंडाच्या अगदी जवळ उभा होता, हलायला तयार नव्हता. "वैजे, घास घे गं. माझं चुकलं, घास घे."

गर्दीतले एक म्हातारे आप्पा म्हणाले, "जीव कशात तरी अडाकलाय तिचा. शेवटाला जवळ कोण व्हतं?"

"तांबोळीबाई," कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाई, तुमच्यात हे न्हाई, ठावं हाय मला. पर तुम्ही मास्तरीण, खोटं बोलायच्या न्हाई. काय म्हणाली वो ती?"

तुमच्यात हे नाही. खरंच नव्हतं. म्हणूनच माझ्यावर सगळ्यांचा जास्त विश्वास बसणार होता—आणि बोलायला तोंड उघडण्याआधी मी हे ओळखलं होतं. वर्गात धडा वाचावा तशा स्वच्छ आवाजात मी म्हणाले, "दादाच्या हातचं पाणी मला नको, असं म्हणाली."

दादानं माझ्याकडे पाहिलं. तांब्या वाळूत ठेवला आणि मागं मागं सरकत गेला, पार गर्दीच्या कडेपर्यंत. आणि कावळा उतरला.

अहो, कावळा माणसाला भितो! पिंडाशी उभा असलेला माणूस हलला, जागा मोकळी झाली, कावळा आला. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलानं हे सांगितलं असतं. मलाही त्याच क्षणी कळलं होतं. पण घाटावर एकदम "शिवला, शिवला" झालं, बायका तोंडाला पदर लावून दादाकडे बघायला लागल्या. मी गप्प राहिले. खरं सांगू? मला छातीत गार वाटलं.

इथं थांबावं असं वाटतंय. इथवरच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मैत्रिणीच्या मायेपोटी बोलली बिचारी. एका दुष्ट भावाला चार लोकांत एक खोटं ऐकवलं, त्यात काय? पण हे अर्धंच आहे. आणि तेही त्यातल्या त्यात बरं अर्धं.

शाळेला सुट्टी होती म्हणून शेवटचे दिवस मीच दवाखान्यात तिच्याजवळ होते. लेक सासरहून येऊन-जाऊन असायची, सुभाषराव पाळी संपली की यायचे. एका सकाळी वैजू म्हणाली, "दादाला बोलाव. माझा फोन लागत न्हाई, तुझा उचलंल." सुभाषरावही जाता जाता म्हणाले, "लावा ताई, तुमचं ऐकतो तो." मी फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले. नंबर काढला. तो समोर दिसत होता, फक्त अंगठा टेकवायचा होता.

मी लावला नाही.

का? तो आला नसता म्हणून? नाही. तो आला असता. पहिल्या रिंगला उचलला असता आणि गाडी काढून धावत आला असता, हे मला माहीत होतं—आणि ती त्याला एका वाक्यात माफ करणार, हेही माहीत होतं. एका वाक्यात! इतक्या भाऊबिजा, तो चंद्र, ते ताट, सगळं ती हसून झटकून टाकणार. दोघं गळ्यात पडून रडणार आणि मी बाजूला स्टुलावर बसून बघणार. ते मला नको होतं. त्याला माफी मिळायला नको होती. आणि वैजू शेवटी कुणाची असेल, तर माझी असायला हवी होती. लिहिताना लाज वाटते, पण तेही होतं.

आत येऊन मी म्हणाले, "बोलले. येतो म्हणाला."

तिचं तोंड असं उजळलं. मला बाजारात पाठवलं, केशरी फेटा आणायला. "तो आला की मी माझ्या हातानं बांधते. म्हणंल, झाला का मान? सुटला का प्रश्न?" आणि मी गेले. दौंडच्या बाजारात दुकानदाराशी रंगावरून हुज्जत घालून फेटा आणला. तिनं तो उशाशी ठेवून घेतला, माझ्याकडून केस विंचरून घेतले आणि दाराकडे तोंड करून पडली. कुणाची चाहूल लागली की डोळे उघडायची. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी व्हरांड्यात जाऊन फोन कानाला लावायचं नाटक करायची आणि आत येऊन म्हणायची, "निघालाय." सुभाषरावांना मात्र बाहेरच गाठून सांगितलं होतं, "तिनंच मागाहून नको म्हटलं, तिच्यापुढं विषय काढू नका," आणि त्या साध्या माणसानं तो काढला नाही. अजूनही वेळ होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तरी लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "गाडी चुकली असंल गं त्याची."

गाडी त्याच्या स्वतःच्या दारात उभी असायची. तिला माहीत होतं. तरी तिनं त्याच्यासाठी सबब शोधली. मग डोळे मिटले, आणि त्यानंतर ती काही बोलली नाही.

चंद्राला ओवाळायला लावलं म्हणून ज्याच्यावर मी एवढी वर्षं दात धरला, त्यानं तिला वर्षातून एक दिवस वाट बघायला लावली. मी तिला मरेपर्यंत लावली. हे मला कळत नाही असं नका समजू.

आणि आता तिची आठवण काढताना सगळे जी बाई सांगतात—करारी, मानी, मेल्यावरही न झुकणारी—ती वैजू नाहीच. ती मी आहे. तिची लेक परवा स्वतःच्या मुलीला सांगत होती, "आजी कशी होती माहितेय? एकदा तुटलं की तुटलं." मी तिथंच बसले होते, चहा पीत.

दादानं पाणपोई बंद केली. हायवेला रांजण पालथा पडलाय. घरात तो कुणाला पाण्याचा पेला भरून देत नाही, सुनेला हाक मारतो. आणि दर भाऊबिजेला तो माझ्याकडे येतो. मी त्याला ओवाळते. आता त्याला तेवढी एकच बहीण उरली आहे ना. तो बसतो त्या खुर्चीच्या मागच्या कपाटात, माझ्या साड्यांखाली, केशरी फेटा आहे.

या वर्षी बराच थकलेला दिसला. ओवाळून झाल्यावर नेहमीचं विचारलं, "नसीम, आठवून बघ बरं. माझ्यासाठी दुसरं काय म्हणाली न्हवती का ती? एखादा शब्द?"

कपाट हाताच्या अंतरावर होतं.

"नाही दादा," मी म्हणाले. "तेवढंच."

त्यानं मान डोलावली आणि पाणी मागितलं. मी पेला भरून दिला. तो खाली बघत सगळं पाणी प्याला. मी उभी राहून त्याच्याकडे बघत होते, आणि मला छातीत पुन्हा तसंच गार वाटलं.