साळ्याची कुत्री, माझा कुत्रा

जळणं मला नवीन नाही. शेजारच्या कपाशीला माझ्यापेक्षा चार बोंडं जास्त लागली तरी माझ्या छातीत आग पडते आणि बायको न सांगता लिंबू-सोडा करून आणते. पण एका कुत्रीवर जळायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. तीही साळ्याच्या.

साळा फुलसावंगीचा. त्याच्या बंगलोरच्या कोण्या दोस्तानं त्याला दोन पिल्लं दिली, एक नर, एक मादी. मादी त्यानं ठेवली आणि नर आंब्याच्या पेटीत घालून आमच्याकडे केळापूरला आणला.

"बसेंजी म्हणतात भाऊजी याले. आफ्रिकेची जात हाये. हे भुंकत नाई."

"भुंकत नाई त कायले आणलं? मुकं कुत्रं घेऊन मी काय मौनव्रत पाळू?"

"डोयानं शिकार धरते ना. सशाचा कान हालला की गेलंच समजा. रानडुकरं पाहा कशे पयतात ते."

पिल्लू पेटीतून निघालं. शेपटी जिलेबीसारखी वळलेली, कपाळावर आठ्या अशा की जणू याच्या डोक्यावर तीन पोरींच्या लग्नाचा घोर आहे. बाहेर आल्या आल्या त्यानं मांजरासारखं स्वतःचं अंग चाटून काढलं आणि तोंड वर करून एक आवाज काढला. कोंबड्यानं आरवायला घ्यावं आणि मध्येच त्याला ढेकर यावा, तसा. गोठ्यातल्या बैलानं त्या दिवशी कडब्याला तोंड लावलं नाही.

तिथून आमची स्पर्धा सुरू झाली. साळा म्हणेल की स्पर्धा एकट्या भाऊजींचीच होती. त्याला म्हणू द्या.

पिल्लं मोठी झाली तसा दर दोन-तीन दिवसांनी बायकोच्या फोनवर फुलसावंगीचा व्हिडिओ यायचा. कुत्री मोकळी, धरायला दोरी नाही की साखळी नाही. उसाच्या बांधावरून हरणीसारखी सुटायची. साळ्यानं तोंडानं बारीकशी शीळ घातली की हवेतच वळायची आणि येऊन त्याच्या पायाशी बसायची. गळ्यात एक घुंगरू बांधलेलं, कारण भुंकत नाही तर तुरीत गेली कुठं हे कळायचं कसं! बायको तो व्हिडिओ भाकरी थापता थापता पाहायची.

"अजी, पाहा ना, कशी आयकते माह्या भावाचं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कोणाचं ऐकतो याचं कौतुक या बाईनं एकदा केलं नाही.

साळ्यानं मला युक्ती सांगितली होती, ते नाकारत नाही. गळ्यात लांब कासरा बांधायचा आणि तो जमिनीवर घासत राहू द्यायचा. बोलावल्यावर आलं की उकडलेल्या कलेजीचा तुकडा. नाही आलं तर ओरडायचं नाही, कासऱ्यावर पाय ठेवायचा. आणि आल्यावर लगेच बांधायचं नाही, पुन्हा सोडायचं. पण साळ्यानं सांगितलेलं जसंच्या तसं करणारा जावई अजून या जिल्ह्यात जन्मायचा आहे. शिवाय माझी कलेजी मीच खातो.

मी माझ्या डोक्यानं चाललो. आमच्याकडे चोरटी गाय लोकांच्या शेतात घुसायला लागली की तिच्या गळ्यात लोढणं बांधतात. गळ्यात दोरी, दोरीला लाकडाचा ओंडका. पळायला गेली की ओंडका गुडघ्यावर बसतो आणि गाय सभ्य होते. ज्या उपायानं गाय सुधारते त्यानं वीतभर कुत्रं सुधारणार नाही? बाभळीचा एक छान ओंडका तासला आणि बसेंजीच्या गळ्यात बांधला.

आणि काय सांगू! कुत्रं संत झालं. मी चाललो की माझ्या चालीनं चालायचं. मी थांबलो की थांबायचं. "यू यू" केलं की येऊन उभं राहायचं, कारण मी त्याच्यापासून हातभरावरच असायचो. मीपण व्हिडिओ पाठवला, गवतात चालतानाचा. गवत उंच होतं, ओंडका दिसत नव्हता.

साळ्याचा निरोप आला, "वा भाऊजी, मानलं तुमाले." त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता खरी गोष्ट. तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्या शिवारात एक सकाळ ठरवून हाका होतो. नाल्याच्या झुडपात डुकरांचा मुक्काम असतो. सगळे शेतकरी रिकामे पिपे बडवत एका रांगेनं निघतात, कुत्री सोडतात आणि डुकरांना नाल्यापलीकडे जंगलाच्या बाजूला हुसकावतात. मारायचं नाही, फक्त हाकलायचं. ज्याचं कुत्रं पहिलं सुटतं तो माणूस रांगेच्या पुढं चालतो. आणि पुढं चालायचा मान माझ्याशिवाय कोणाला द्यायची पद्धत नाही, कारण मागं एका डुकरानं माझ्यावर चाल केली होती तेव्हा मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहिलो होतो आणि शेवटी डुकरानंच लाजून मान खाली घातली होती. डुकराला पाठ न दाखवलेला माणूस म्हणून मला चार गावांत ओळखतात. ही गोष्ट मीच सांगितली असली म्हणून काय झालं?

बायकोनं हुरड्याच्या निमित्तानं भावालाही बोलावलं. तो आला, कुत्रीला घेऊन. कुत्री गाडीवरून उतरली तर पोरांनी तिच्याभोवती गर्दी केली आणि माझा कुत्रा दोन वावरं पलीकडून येणाऱ्या तिच्या वासानं वेडा झाला. तो माझ्या बाजूनं राहील ही आशा मी तिथंच सोडायला हवी होती.

माझ्या वावराला लागून पांढरकवड्याच्या एका गॅरेजवाल्याचं वावर आहे. सगळे त्याला भाईजान म्हणतात. त्यानं विचारलं, "क्या भाऊ, पहले किसका छोडना?"

"माझाच," मी म्हणालो. "त्यांची कुत्री पावणी हाये. पावण्याले कामाले लावत नाई आपण."

साळा हसला. "लोढणं त काढा भाऊजी पयले."

सगळ्यांसमोर लोढणं काढलं. बाकीचे हसत होते. मी नाही हसलो. मला एवढंच दिसत होतं की साळ्याच्या कुत्रीनं शिळेची वाट पाहत कान टवकारले आहेत आणि माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवते आहे. माझ्या पाठीवरून असा कधी फिरवला नाही.

आता विचार करा. महिनाभर कुत्र्यानं गळ्यात ओंडका ओढला होता. पैलवानाला तालमीत असा व्यायाम कोणी देत नाही. दोरी सुटली आणि कुत्रं पायांवर राहिलंच नाही, हवेत गेलं. नाला, डुकरं, पिपे, काही पाहिलं नाही. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, एक ससा उठला आणि वणीच्या रस्त्याकडे निघाला. त्याच्या मागं माझा बसेंजी.

त्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक येतात. ते ब्रेक लावतात ही मी ऐकलेली सगळ्यात मोठी थाप आहे, आणि थापांतलं मला थोडंफार कळतं.

मी "यू यू यू" करत त्याच्या मागं धावलो. त्यानं एकदा मागं पाहिलं. मी धावतोय हे पाहून त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, मालकही सशाच्या मागं आहे. तो आणखी सुटला. मी जितका जोरात, तितका तो जोरात. पलीकडे वळणावर एक काळा ट्रक दिसला. इतके दिवस ज्याच्यावर मी खेकसत होतो, ते आठ्यांचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

"भाऊजी!" साळा मागून ओरडला. "मागं नोका धावू! उलटे पया! पाठ दाखवा त्याले!"

त्याच वेळी पिप्यांच्या आवाजानं उठलेलं एक डुक्कर नाल्यातून वर आलं आणि माझ्या आणि कुत्र्याच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलं. चांगलं म्हशीएवढं होतं. बरं, वासराएवढं.

मी उलटा वळलो आणि पळालो. धोतरभर चिखल, एक चप्पल तुरीत. "यू यू" ओरडत, सगळ्या शिवाराच्या डोळ्यांदेखत, डुकराकडे पाठ करून. पिपे थांबले. त्या शांततेत भाईजानचा आवाज आला, "अरे भाऊ, वो तो वहीं खडा है, तुम कायको भागे?"

डुक्कर खरंच हललं नाही. पण पळतं काही दिसलं की बसेंजीच्या जातीला राहवत नाही. कुत्र्यानं ससा सोडला, वळलं, डुकराला वळसा घातला आणि माझ्या मागं लागलं. ट्रक हॉर्न वाजवत मोकळ्या रस्त्यावरून निघून गेला. कुत्र्यानं मला बांधावर गाठलं आणि माझ्या धोतराचा सोगा धरून तो ढेकराचा आवाज काढला. मी खाली बसून त्याला धरलं. बराच वेळ सोडलं नाही, ते पुन्हा पळू नये म्हणून.

त्यानंतर साळ्यानं शीळ घातली. कुत्री गेली, तीन डुकरं नाल्यापार लावली आणि घुंगरू वाजवत परत आली. रांगेच्या पुढं साळा चालला. बायको म्हणाली, "मले वाटलं आता गेला तो," आणि पदरानं डोळे पुसले. कोणासाठी पुसले ते मी विचारलं नाही.

निघताना साळा म्हणाला, "भाऊजी, द्या माह्यापाशी महिनाभर. शिळेवर आणून देतो तुमाले."

"काई गरज नाई."

महिनाभरानं कुत्रा साळ्याच्या शिळेवर येईल, हे मला माहीत होतं. तेच नको होतं. तो हसला आणि आपल्या कुत्रीच्या गळ्यातलं घुंगरू काढून माझ्या कुत्र्याला बांधून गेला.

आता रोज संध्याकाळी त्याला घरी आणायचं तर मला वावरातून पळावं लागतं. रस्त्यावरचे लोक गाड्या हळू करतात. भाईजान धुऱ्यावरून ओरडतो, "भाऊ, आज कौन पिछे लगा?" मागं वळून पाहता येत नाही, पाहिलं की कुत्रं थांबतं. म्हणून मी समोर बघत, धोतर धरून पळत राहतो आणि मागचं घुंगरू जवळ येतंय का ते ऐकतो. फुलसावंगीला साळा अजून शीळच घालतो म्हणे. घालू दे. माझा कुत्रा माझ्याच मागं येतो.